बिऱ्हाड हलवताना बाग कशी न्यायची

घर बदलायचं ठरलं की फ्रिज-कपाटाचा हिशोब महिनाभर आधी होतो आणि कुंड्यांची आठवण टेम्पो दारात लागल्यावर येते. मग हमाल जागा मिळेल तिथे कुंड्या कोंबतात, वरून ताडपत्री आवळतात, आणि नव्या घरी निम्म्या बागेचा पाचोळा उतरतो. झाडं न्यायची असतील तर किमान दोन महिने आधी कामाला लागा. पहिलं काम म्हणजे सगळी झाडं नेता येणार नाहीत, हे मान्य करणं. कुंडीतली बहुतेक नेता येतात. जमिनीतल्या मोठ्या झाडाचं मात्र रोप तयार करून न्यावं आणि झाड तिथेच सोडावं.

वजनाचा हिशोब

ओली माती फार जड असते. बारा इंची कुंडी साध्या बागेच्या मातीने भरलेली आणि भिजलेली असेल तर ती पंचवीस किलोच्या घरात जाते. कोकोपीट आणि शेणखत जास्त असलेलं मिश्रण निम्म्याच्या आसपास भरतं. छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोची क्षमता साधारण पाऊण टन, म्हणजे वजनाने पंचवीस किलोच्या तीस कुंड्या. त्याच्या हौद्याची जागाही तेवढ्यातच भरते, कारण कुंडीवर कुंडी रचता येत नाही. तीसहून जास्त मोठ्या कुंड्या असतील तर दुसरी खेप तरी करा, नाहीतर निवड तरी करा.

निवडताना आधी नवं घर बघा, तेही दुपारी. दक्षिणेची गच्ची सोडून उत्तरेच्या गॅलरीत जात असाल तर गुलाब, बोगनवेल, अडेनियम शेजाऱ्यांना देऊन टाका. तिथे त्यांना पानं येतील, फूल येणार नाही. उलट बाजूने सावलीतले नेचे पश्चिमेच्या उन्हात आठवड्यात करपतात. समुद्राजवळ जात असाल तर खारा वारा लक्षात घ्या. बोगनवेल, चाफा, कोरफड तो सोसतात, पण पातळ मोठ्या पानांच्या झाडांच्या कडा तपकिरी होतात. कठड्यावर कुंड्या ठेवायच्या बेतात असाल तर तो बेतच सोडा. वरून पडलेल्या कुंडीने माणूस मरू शकतो, आणि बऱ्याच सोसायट्यांत त्याला बंदीही असते.

सिमेंटच्या मोठ्या कुंड्या शक्यतो नेऊ नका. त्यातलं झाड महिना-दीड महिना आधी ग्रो बॅगमध्ये हलवा म्हणजे प्रवासापर्यंत मुळं सावरतात. हे काम आदल्या दिवशी केलं तर झाडाला एकाच वेळी दोन धक्के बसतात: मुळं मोडण्याचा आणि प्रवासाचा.

झाड कोणाचं, हे आधी ठरवा

घर विकत असाल तर हा मुद्दा साठेखताच्या वेळीच काढा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे जमिनीत रुजलेली झाडं-झुडपं जमिनीशी जोडलेली समजली जातात आणि वेगळं काही ठरलं नसेल तर जमिनीबरोबरच जातात. ‘मागच्या अंगणातला मोगरा आणि दोन अनंत आम्ही नेणार’ एवढं एक वाक्य लिहून ठेवलं की ताबा देताना वाद होत नाही. भाडेकरूला त्याच कायद्याने आपण लावलेलं काढून नेता येतं, पण जागा होती तशी करून द्यावी लागते. करारात वेगळं लिहिलं असेल तर मग करारच चालतो. सोसायटीच्या सामाईक बागेत तुम्ही हौसेने लावलेलं झाड मात्र सोसायटीचंच म्हणून सोडून द्या.

आणखी एक गोष्ट. महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा झाडं जतन करण्याचा राज्याचा कायदा लागू आहे. मोठं झाड तोडायला किंवा मुळासकट हलवायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते स्वतःच्या अंगणातलं का असेना.

जमिनीतलं झाड: खणायचं की रोप करायचं

खोडाची जाडी मोजा. जमिनीपासून वीतभर वर खोड जितकं जाड, त्याच्या दहापट रुंद मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, काढावी लागते. तीन सेंटिमीटर खोडाच्या मोगऱ्याला तीस सेंटिमीटर रुंद आणि पंचवीस खोल हुंडी लागते. ही साधारण तीस किलो भरते आणि दोघांना उचलते. पाच सेंटिमीटर खोड झालं की हुंडी अर्धा मीटर रुंद होते आणि वजन शंभर किलोच्या वर जातं. म्हणून चार सेंटिमीटरच्या पुढचं झाड घरगुती अवजारांनी खणायच्या फंदात पडू नये.

खणायचं ठरलं तर दीड-दोन महिने आधी मुळं तोडून ठेवा. खोडाभोवती हुंडीच्या मापाचं वर्तुळ आखा आणि धारदार फावड्याने अर्ध्या वर्तुळावर वीतभर खोल सरळ काप घ्या. कापाच्या फटीत शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती भरा आणि ती ओलसर ठेवा. तीन आठवड्यांनी उरलेलं अर्धं वर्तुळ कापा. तुटलेल्या टोकांजवळ तंतुमुळं फुटतात, आणि पाणी शोषण्याचं काम हीच मुळं करतात. हे न करता थेट उपटलेल्या झाडाची बारीक मुळं सगळी मागच्या जमिनीतच राहतात. ते झाड हिरवं दिसत दिसत पंधरा दिवसांत वाळतं.

खणायचा दिवस वाफसा, म्हणजे मातीतली बेताची ओल, बघून ठरवा. चिखल असेल तर हुंडी ओघळते, माती कोरडी असेल तर फुटते. भरपूर पाणी देऊन दोन दिवस थांबलं की बहुतेक मातीला बरोबर वाफसा येतो. काळ्या मातीला तीन-चार दिवसही लागतात. कापाच्या बाहेरून चर खणत खाली जा, मग चारी बाजूंनी आत वळत तळ मोकळा करा. पहारीने वर उचकटू नका, त्याने हुंडी मधोमध दुभंगते. खड्ड्यातच हुंडी एका बाजूला कलती करा, गुंडाळलेलं ओलं गोणपाट खाली सारा, मग दुसऱ्या बाजूला कलवून ते पसरा. चारी टोकं खोडाशी आणून सुतळीने बांधा आणि आडवे-उभे वेढे देऊन आवळा. उचलताना हात गोणपाटाला लावायचे. खोडाला धरून उचललं की हुंडीचं वजन मुळांवर येतं आणि ती आतल्या आत तुटतात. हमालांना हे सांगावं लागतं, कारण खोड धरायला सोपं असतं.

कढीपत्त्याचं सोटमूळ खोल जातं, म्हणून मोठा कढीपत्ता खणू नका. त्याच्या मुळांवरून आजूबाजूला फुटवे येतात ते घ्या. वीत-दीड वीत उंचीचा फुटवा निवडा आणि मूळ झाडाच्या बाजूने त्याला जोडणारं मूळ फावड्याने तोडा. फुटवा मात्र लगेच उपटू नका. तीन-चार आठवडे तो जागेवरच स्वतःच्या मुळांवर जगू द्या, पाणी देत राहा, मग हुंडीसकट काढा. तोडून लगेच काढलेले फुटवे बहुतेक मरतात, आणि ‘कढीपत्ता लागत नाही’ अशी तक्रार मग होते.

बाकीच्यांची सोय त्या मानाने सोपी आहे. जास्वंद, पारिजातक आणि गावठी गुलाब फांदीवर येतात. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या फांद्या घ्या, खालची पानं काढा आणि दोन डोळे मातीत जातील अशा कोकोपीट-वाळूच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात खोचा. एका झाडाच्या निदान पाच-सहा फांद्या लावा, सगळ्या जगत नाहीत. जास्वंदाला महिन्याभरात मुळं येतात. देवचाफ्याची हातभर फांदी कापून आठवडाभर सावलीत नुसती ठेवा. कापावरचा चीक सुकला की मगच लावा आणि पान फुटेपर्यंत पाणी अगदी बेताचं द्या. ओला काप लावला की तो तळापासून सडतो. मोगऱ्याची खालची लवचीक फांदी शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवला की दोन महिन्यांत दाब कलम तयार होतं. गवती चहाचा ठोंब फोडून घ्यावा. हळद, अळू, कर्दळ, निशिगंध यांचे कंद माती झाडून वर्तमानपत्रात गुंडाळले की टेम्पोची गरजच नाही, पिशवीतून जातात. तुळस जून होऊन खोड लाकडासारखं झालं असेल तर तिला हलवण्यात अर्थ नसतो. वाळलेल्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत घ्या.

डाळिंब, लिंबू, पेरू, अनंत यांना गुटी कलम करावं, तेही पावसाळ्याच्या सुरुवातीला. पेन्सिलीएवढ्या फांदीवरून इंचभर रुंदीची साल गोल काढा. उघड्या लाकडावर बुळबुळीत थर असतो तो चाकूच्या पाठीने खरवडून टाका. बहुतेक गुट्या इथेच फसतात. तो थर राहिला की वरची-खालची साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. मग भिजवून पिळलेलं मॉस (नर्सरीत मिळणारं वाळकं शेवाळ) मूठभर बसवा, प्लॅस्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं घट्ट बांधा. पाच ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. ती थोडी तपकिरी झाली की गुटीच्या खालून फांदी कापा आणि कुंडीत लावा.

प्रवासाआधीचा महिना

आपल्याकडे घरं हलतात ती बहुधा एप्रिल-मेमध्ये, शाळेच्या सुट्टीत. झाडांसाठी हाच सगळ्यांत वाईट काळ. हातात असेल तर जुलै-ऑगस्ट किंवा नोव्हेंबर ते जानेवारी निवडा. मे टाळता येत नसेल तर झाडांची खेप वेगळी काढून रात्री किंवा पहाटे न्या.

चार आठवडे आधी खत बंद करा. खताने आलेली कोवळी फूट प्रवासात सगळ्यात आधी कोमेजते. दोन-तीन आठवडे आधी वाळक्या, आडव्या, एकमेकींत अडकणाऱ्या फांद्या छाटा. एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. अनंताला कळ्या असतील तर त्या गळणारच, आधीच खुडून टाका.

कीड इथेच संपवा. पानांच्या बगलेत पिठ्या ढेकूण, खोडावर खवले कीड आणि कुंडीत मुंग्यांची ये-जा दिसली तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि त्यात मिसळायला थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा फवारा. शेवटची फवारणी निघायच्या चार-पाच दिवस आधी झालेली असावी. प्रत्येक कुंडी उचलून बूड बघा. तळाच्या भोकाशी गोगलगायी आणि त्यांची मोत्यांसारखी अंडी असतात. ही आयात नव्या बागेला नको. कढीपत्ता घेऊन नागपूर-अमरावतीकडे जात असाल तर कोवळ्या शेंड्यांवर सिट्रस सायला नाही ना, हे भिंगाने तपासा. ही कीड संत्र्या-मोसंबीवर ग्रीनिंग रोग पसरवते आणि कढीपत्ता तिचं आवडतं झाड आहे. शंका असली तर झाड नेऊ नका.

आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांना नेहमीएवढं पाणी द्या. निघायच्या दिवशी नाही, कारण वजन वाढतं आणि चिखल सांडतो. कोरफड, अडेनियम, निवडुंग यांचं पाणी आठ-दहा दिवस आधीच थांबवा. फुगलेली खोडं घासली की जखमेतून सडतात. अडेनियम तर कुंडीतून काढून, मुळं झटकून, कागदात गुंडाळून न्यावं. आठवडाभर त्याला काही होत नाही आणि कुंडी-मातीचं वजन वाचतं.

बांधणी

लहान कुंड्यांसाठी भाजीवाल्यांकडचे प्लॅस्टिक क्रेट मागून आणा. साठ बाय चाळीस सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये आठ इंची सहा कुंड्या बरोबर बसतात. फटीत कागदाचे बोळे कोंबा. क्रेट हलवून बघा. कुंड्या खडखडल्या तर बोळे कमी पडले. खोक्यापेक्षा क्रेट बरे, कारण ओलं खोकं तळातून सुटतं.

मोठ्या कुंडीच्या मातीवर ओलं वर्तमानपत्र घाला, वर गोणपाटाचा तुकडा ठेवा आणि सुतळी कुंडीच्या बुडाखालून अधिक चिन्हासारखी आवळून बांधा. कुंडी आडवी झाली तरी माती जागची हलत नाही. फांद्या खालून वर, जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी वर गोळा करत बांधा. सुतळी थेट फांदीवर नको, ती साल कापते. काटेरी गुलाब आणि बोगनवेल गोणपाटात गुंडाळा, हमालांच्या हातांसाठी. प्लॅस्टिकची पिशवी फक्त कुंडीला चालेल. पानांवरून प्लॅस्टिक बांधून उन्हात ठेवलं की आत वाफ धरते आणि पानं तासाभरात उकडतात.

मातीची कुंडी बाहेरून कांबळ्याने किंवा जुन्या चादरीने गुंडाळा, दोन मातीच्या कुंड्या एकमेकींना थेट टेकू देऊ नका. लटकत्या कुंड्या बादलीत ठेवल्या की कलंडत नाहीत. ऑर्किडच्या फुलदांड्याला काडीचा आधार द्या.

टेम्पोत

पॅकर्सवाले बरेचदा झाडं घेतच नाहीत, आणि घेतली तरी नुकसानीची जबाबदारी घेत नाहीत. दर ठरवतानाच विचारा. स्वतंत्र टेम्पो केला तर ताडपत्रीऐवजी हौद्यावर हिरवी शेडनेट बांधायला लावा. उघड्या टेम्पोत महामार्गावरचा वारा पानांतलं पाणी ओढून घेतो आणि कोवळे शेंडे फाडतो. बंद हौदा उन्हात उभा राहिला की भट्टी होते. शेडनेट दोन्ही सांभाळते. ताडपत्रीच घालावी लागली तर ती पानांना टेकणार नाही अशी दोरीवर ताणा आणि मागची बाजू थोडी उघडी ठेवा.

सगळ्यांत जड कुंड्या केबिनच्या भिंतीला टेकवा, मग उतरत्या वजनाने मागे या. घाट असेल तर कुंड्या वळणावर बाजूला सरकतात, म्हणून हौद्याच्या कडेशी राहिलेल्या फटीत पोती, उशा, नारळाच्या शेंड्या दाबा. उंच झाड आडवं न्यायचं तर शेंडा मागे करा, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने पानं मिटतात. वाटेत चहाला थांबलात तर टेम्पो सावलीत लावायला सांगा. सहा-सात तासांच्या प्रवासात पाणी द्यायची गरज नसते, पानांवर एखादा हलका फवारा पुरे.

परदेशी जाणाऱ्यांनी सामानात रोप घालू नये. बहुतेक देशांत मातीसकट झाड नेता येत नाही आणि रोपालाही वनस्पती स्वास्थ्य प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सासमध्ये तर वर सांगितलेल्या सायलामुळे कढीपत्त्याची रोपं हलवण्यावरही निर्बंध आहेत. तिथल्या नर्सरीतून घेणंच बरं.

पोचल्यावर

टेम्पोतून आधी झाडं उतरवा, मग पलंग. बांधणी लगेच सोडा आणि झाडं सावलीत, वारा कमी असेल अशा ठिकाणी ठेवा. मातीत बोट दोन पेरं घालून बघा. कोरडी लागली तरच पाणी द्या. आठ-दहा दिवस सावली, मग सकाळचं तासभर ऊन, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ते वाढवत न्यावं. जुन्या घरी दिवसभर उन्हात असणारं झाडसुद्धा आल्या आल्या उन्हात ठेवू नका.

पानं गळतील. बोगनवेल आणि फायकस तर जागा बदलली की गळवतातच. माणूस इथे घाबरतो आणि रोज पाणी घालतो. पण पानं नसलेलं झाड पाणी जवळपास पीत नाही, माती चिंब राहते, मुळं कुजतात. प्रवासात वाचलेली झाडं अशी नव्या घरात बुडून मरतात. पानं गळाली की पाणी कमी करायचं असतं, वाढवायचं नाही. खत नव्या फुटीनंतरच. कुंडीही तीन-चार आठवडे बदलू नका. फुटलेल्या कुंडीतलं झाड तेवढं त्याच मातीसकट दुसरीत ठेवा.

जमिनीत लावताना खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली तेवढीच ठेवा. कोकणातल्या जांभ्या मातीतलं झाड देशावरच्या काळ्या मातीत लावलं तर खड्ड्यात बाहेरून आणलेली हलकी माती भरून चालत नाही. भोवतालची काळी माती पाणी सोडत नाही आणि खड्डा हौदासारखा भरून राहतो. निम्मी जागेवरची माती, निम्मं वाळू-शेणखत घ्या आणि झाड जमिनीपेक्षा चार बोटं उंच बसवा. अनंताची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर ते बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचं लक्षण. झाडाला लोह घेता येत नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर ते द्या, नाहीतर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावरच्या मापाने फवारा.

महिना उलटूनही फूट दिसली नाही तर नखाने साल खरवडा. आत हिरवं, ओलसर असेल तर वाट बघा. तपकिरी असेल तर आणखी खाली खरवडा, आणि हिरवं लागेल तिथपर्यंत फांदी कापा. तळापर्यंत तपकिरीच लागलं तर कुंडी उलटी करून मुळं बघा. मऊ, काळी, वास येणारी मुळं म्हणजे मूळकूज. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.